‘श्रीमती’ या उपपदाचा विचार

उत्सवाच्या देणगीदारांची यादी छापावयास घेतली की स्त्रियांच्या नावांपाशी लेखणी हमखास अडखळते. पती हयात असल्यास ‘सौ.’, नसल्यास ‘श्रीमती’, ही वहिवाट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तोच शब्दाचा मूळ अर्थ असावा असे वाटू लागते. वस्तुतः तसे नाही.

‘श्री’ या शब्दास ‘मतुप्’ प्रत्यय लागून ‘श्रीमत्’ होते. त्याचे पुल्लिंगी रूप ‘श्रीमान्’, स्त्रीलिंगी ‘श्रीमती’. श्री म्हणजे शोभा, संपदा, लक्ष्मी. ती जिच्या ठायी वसते ती श्रीमती. पती असण्यानसण्याचा येथे लवलेशही संबंध नाही. ‘श्रीमद्भगवद्गीता’ या नावातील ‘श्रीमत्’ तोच, आणि पेशव्यांच्या नावामागे आपण आदराने लावतो ते ‘श्रीमंत’ही त्याचेच मराठी वळण. एकाच शब्दाने पुरुषास वैभव द्यावे आणि स्त्रीस वैधव्य, यात व्याकरणाचा तरी काही अपराध नाही!

हिंदीत तर विवाहित स्त्रीस सर्रास ‘श्रीमती’ म्हणतात. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदी पत्रिकेत नवपरिणीत नातीच्या नावामागे हे उपपद पाहून इकडची एखादी आजी दचकते.

‘सौभाग्य’ हा शब्द ‘सुभग’ म्हणजे भाग्यवान यावरून आला; पुढे तो आकुंचित होऊन पतीच्या आयुष्यापुरता उरला. लग्नपत्रिकेतील ‘चि. सौ. कां.’ त्याच अर्थाने. विधवेस पत्रांतून ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, लिहीत. शब्द पवित्र खरा, परंतु त्यानेही तिचे वैधव्यच पुकारले जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आणि २०२३ साली महाराष्ट्रातील एका मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगाभागीरथी’ योजण्याचा प्रस्ताव मागविला, तेव्हा त्यास विरोधच झाला.

आमच्या मते यादीत सर्व स्त्रियांस सरसकट ‘श्रीमती’ लिहावे. जी भगिनी स्वहस्ते ‘सौ.’ लिहून देईल तिचे अक्षर मात्र खोडू नये. पतिनिधनाची वार्ता कानी आली म्हणून गेल्या वर्षीच्या यादीतील ‘सौ.’ लेखनिकाने परस्पर काढून टाकू नये; आधी तिलाच विचारावे.