मलकापूर, तालुका शाहूवाडी



चि. बाळास,


दोन बाहेरच्या कंपन्यांचं नेटवर्क तुझ्या ऑफिसला जोडायचंय आणि दोघांचेही आतले पत्ते १९२.१६८.१ चेच निघाले, म्हणून एकाला ते बदलायला लावतो, असं काल फोनवर म्हणालास. तसं करू नकोस.

आपल्या गावाचंच बघ. एक मलकापूर आपलं, एक कराडजवळ, एक बुलढाणा जिल्ह्यात. कुणालाही नाव बदलावं लागलं नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड आखला, १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि नाव तेच राहूनही गावं वेगळी ओळखता येऊ लागली. तुलाही तेच करायचंय.

दोष कुणाचाच नाही. १९९६ च्या आरएफसी १९१८ प्रमाणे खासगी वापराचे तीन पट्टे कुणालाही न विचारता वापरता येतात. त्यातला १९२.१६८ चा पट्टा ६५,५३६ पत्त्यांचा, १० चा १ कोटी ६७ लाखांहून मोठा. तरी राउटरमध्ये आयता आलेला आकडाच लोक ठेवतात.

तुझं ऑफिसही १९२.१६८.१ वर असेल, तर आधी ते बदल. ते आपल्या हातात आहे. १० च्या पट्ट्यातला सहसा कुणी घेत नाही असा आकडा घे. मग पहिल्या कंपनीला तुझ्यापुरतं १०.७१.१ म्हण, दुसरीला १०.७२.१. शेवटचा आकडा तोच ठेव: पहिलीचं १९२.१६८.१.२० तुझ्याकडे १०.७१.१.२० होईल. प्रत्येक कंपनीच्या लाइनला स्वतंत्र राउटर लाव आणि पत्त्यांची अदलाबदल तिथेच होऊ दे. एकाच राउटरवर करशील, तर पत्ता उलगडल्यावर दोन्ही वाटा पुन्हा सारख्याच दिसतील. मग प्रत्येक लाइनचा रूटिंग टेबल वेगळा ठेवावा लागेल.

उत्तराची वाटही बघ. पाकीट बाहेर पडताना त्यावरचा तुझा पत्ता त्या कंपनीने मान्य केलेलाच हवा, नाहीतर गेलेलं पोचेल आणि परत काहीच येणार नाही. सर्व्हरची नावंही तुझ्या डीएनएसमध्ये नव्या पत्त्यांवर नोंदव.

माझ्या नोकरीत एकदा अशीच जोडणी कुणीतरी केली आणि कुठेच लिहून ठेवली नाही. तो माणूस बदलून गेला, लाइन बंद पडली, आणि कुठला आकडा कुणाचा हे शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. म्हणून कोष्टक आजच लिही, राउटरच्या कपाटाला आतून चिकटव, आणि दोन्ही कंपन्यांना एकेक प्रत दे.

तुझा,
मामा