मुलांचे वजन आणि मुलांचा रक्तदाब

अंगाने भरलेले मूल दिसले की त्याला दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावण्याची आपल्याकडे रीत आहे. गुटगुटीतपणा हे खात्यापित्या घराचे लक्षण मानले जाते आणि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ व उपासमार पाहिली, त्याला तसे वाटणे स्वाभाविक होय. उलट रक्तदाब हा चाळिशी उलटलेल्या, संसाराची काळजी वाहणाऱ्या माणसांचा विकार समजला जातो. या दोन्ही समजुतींमुळे शाळकरी वयातील एक दुखणे आपल्या नजरेतून निसटत आहे.

केंद्र शासनाच्या पुढाकाराने २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी शंभरात सुमारे पाच जणांचा रक्तदाब उच्च आढळला. याच वयोगटात शंभरात सुमारे चोवीस मुले वयाच्या मानाने कृश होती, तर सुमारे पाच वजनाने अधिक होती. कुपोषणाचा प्रश्न संपला नसतानाच हा दुसरा प्रश्न त्याच्या शेजारी, एकाच वर्गात, कधी कधी एकाच बाकावर येऊन बसला आहे. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात उच्च रक्तदाबाची दोन-तीन मुले असू शकतात. त्यांचे डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, ती हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतात आणि खाली बसतात. मोजल्यावाचून हा विकार बहुधा कळतच नाही.

मुलांसाठी निराळा तक्ता

प्रौढ माणसाचा रक्तदाब एका ठरीव आकड्याशी ताडून पाहता येतो. मुलांच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण वाढत्या वयाबरोबर व उंचीबरोबर रक्तदाबही निसर्गतःच वाढत असतो. एकाच वयाच्या, लिंगाच्या व उंचीच्या शंभर मुलांना रक्तदाबाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर पंचाण्णवाव्या क्रमांकाच्या मुलाचा जो आकडा येईल, तो किंवा त्याहून अधिक आकडा म्हणजे उच्च रक्तदाब, असा तेरा वर्षांखालील मुलांचा निकष आहे. नव्वद ते पंचाण्णव यांमधील मूल सीमेवरचे होय. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये हे तक्ते सुधारले, तेव्हा त्यांतून स्थूल मुलांची मोजमापे वगळण्यात आली. स्थूल मुलांना धरून काढलेली सरासरी मुळातच चढलेली असणार, हे त्यामागील साधे कारण. तेरा वर्षांनंतर १३०/८० ही सरळ मर्यादा धरली जाते.

एक उदाहरण घेऊ. नऊ वर्षांच्या, मध्यम उंचीच्या मुलाचा वरचा दाब ११८ आला. वडिलांचा तेवढा असता तर डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले असते. मुलाच्या तक्त्यात मात्र हा आकडा उच्च रक्तदाबात मोडतो. अर्थात एका मोजणीवरून निदान होत नाही. तीन निरनिराळ्या दिवशी दाब चढलेला आढळला, तरच ते नाव द्यावे.

वजनाचा संबंध

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील बोगालुसा या लहान गावी १९७३ मध्ये मुलांच्या हृदयारोग्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. अधिक वजनाच्या मुलांत रक्तदाब चढा असण्याचे प्रमाण अधिक असते आणि बालपणी चढा असलेला दाब मोठेपणीही चढाच राहण्याकडे कल असतो, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. अपघातादी कारणांनी मरण पावलेल्या तरुणांच्या रक्तवाहिन्या तेथील संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांत चरबीचे थर दिसले; वजन व रक्तदाब जितके अधिक, तितके हे थर अधिक होते.

चरबी म्हणजे अंगावर नुसते पडून राहिलेले ओझे नव्हे. ती रक्तात निरनिराळी द्रव्ये सोडते. त्यामुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो व रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात, आणि रक्तवाहिन्या आवळणारी मज्जासंस्था सदैव जागी राहते. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागते, आणि हे शाळकरी वयातही घडते.

हे सर्व परदेशातले, असे म्हणून चालणार नाही. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती माता व त्यांची बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे सुमारे ३.५ किलो भरले. आपले बाळ स्नायूंनी व अवयवांनी बरेच लहान होते, परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हडकुळे दिसणारे बाळ आतून चरबीचे असू शकते, हा त्याचा अर्थ. म्हणूनच आपल्याकडे थोड्या वजनवाढीनेही अपाय होतो, आणि हातापायांनी काडी पण पोट पुढे आलेले मूल डोळ्यांनी पाहून निरोगी ठरवता येत नाही.

शाळेत काय मोजावे

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरभारांक मिळतो. १३२ सेंटिमीटर उंचीच्या, ४० किलो वजनाच्या नऊ वर्षांच्या मुलाचा भारांक जवळजवळ २३ येतो. प्रौढाच्या सर्वसाधारण मापाने तो योग्य वाटेल, पण या वयात तो स्थूलता दर्शवितो. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे आलेखच वापरावेत. आलेख हाताशी नसेल तर सुतळीनेही काम भागते. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, तिची मधोमध घडी घालावी आणि ती कमरेभोवती फिरवावी. टोके जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, असे समजून मुलाला तपासणीस पाठवावे.

रक्तदाब मोजताना सर्वांत अधिक चुका होतात त्या दंडावरील पट्ट्याच्या. पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान चाळीस टक्के आणि लांबी ऐंशी ते शंभर टक्के असावी लागते. पट्टा अपुरा पडला तर आकडा खोटाच चढतो, मोठा झाला तर उतरतो. तपासणीला एकच प्रौढांचा पट्टा आणून दोनशे मुले उरकली, तर त्या दोनशे नोंदींचा उपयोग रकाने भरण्यापलीकडे नाही. मुलाला तीन ते पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीला आधार व पाय जमिनीला टेकलेले असावेत, उजवा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. मधल्या सुट्टीत धावून आलेल्या मुलाचा दाब लगेच घेऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावयाचे असते. पथकाकडे लहान पट्टे आहेत किंवा नाहीत, हे मुख्याध्यापकांनी व पंचायत सदस्यांनी अवश्य विचारावे. या प्रश्नात अधिकारातिक्रम मुळीच नाही.

उपाय घरचे आणि गावचे

वाढत्या वयातील मुलाला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. स्थूलता बेताची असेल तर पुष्कळदा वजन आहे तेथे स्थिर ठेवणे पुरते. उंची वाढत जाते आणि भारांक आपोआप उतरतो. दररोज तासभर घाम येईल असा खेळ हवा. खेळाच्या तासाला गणित शिकविण्याची प्रथा याच्या आड येते. मिठाचे म्हणाल तर ताटातील चिमूटभर मिठापेक्षा पापड, लोणचे, फरसाण आणि वेफर्सची पुडी यांतूनच ते नकळत अधिक जाते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अति मीठ, साखर वा चरबीचे पदार्थ विकण्यास २०२० च्या केंद्रीय विनियमांनी मनाई केली आहे. ते पन्नास मीटर टेपने मोजून पाहणे ग्रामपंचायतीला कठीण नाही.

तपासणीचा आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये. ‘जाड्या’ म्हणून हाक ऐकणारे मूल मैदानावर यायचेच टाळते, आणि तेथेच त्याचा उपाय असतो. नोंद पालकांना एकट्यांना बोलावून द्यावी.

आणखी एक गोष्ट. मूल कृश असूनही रक्तदाब चढा आढळला, विशेषतः ते लहान वयाचे असेल, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून मूत्रपिंडाच्या विकाराचा शोध आधी घ्यावा लागतो. कधी महारोहिणी किंवा मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद असते. अशा मुलाला तिसऱ्या मोजणीनंतर, आणि दाब फारच चढलेला असेल तर त्याच दिवशी, लघवीच्या तपासणीसह जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.