पावसाचे माप आणि मापातील त्रुटी

दमणगंगा नदी नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते आणि महाराष्ट्र, गुजरात व दादरा आणि नगर हवेली या प्रदेशांतून वाहत दमणजवळ अरबी समुद्रास मिळते. सिल्वासाच्या वरच्या अंगास, वलसाड जिल्ह्यातील मधुबन येथे या नदीवर धरण आहे. धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे १,८०० चौरस किलोमीटर आहे. या क्षेत्रावर सरासरी १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १८ लाख घनमीटर भरते. यांपैकी सर्वच पाणी जलाशयात येत नाही. काही जमिनीत मुरते, काही भातखाचरांत अडते. परंतु श्रावणाच्या सुमारास जमीन पाण्याने भरून गेली म्हणजे पुढच्या पावसाचा फार मोठा भाग नदीकडे धाव घेतो.

धरणाचे दरवाजे केव्हा व किती उघडावयाचे, सिल्वासा, वापी आणि दमण येथील नदीकाठच्या वस्त्यांना इशारा केव्हा द्यावयाचा, या निर्णयांसाठी पाऊस, नदीची पातळी आणि प्रवाह यांची मापे लागतात. केंद्रीय जल आयोग या नदीच्या पुराचे पूर्वानुमान करतो. त्या गणिताची एक सुरुवात कोठेतरी डोंगराळ गावात, सकाळी साडेआठ वाजता, पर्जन्यमापकाजवळ उभ्या असलेल्या नोंदकाच्या हातून होत असते. म्हणून मापन म्हणजे काय आणि त्यात त्रुटी कशी शिरते, हे गावाने, शाळेने आणि कार्यालयानेही समजून घ्यावयास हवे.

साधा पर्जन्यमापक म्हणजे ठरावीक क्षेत्रफळाचे नरसाळे, त्याखाली पाणी साठविणारी बाटली आणि पाणी मोजण्यासाठी खुणा केलेले काचेचे मोजपात्र. भारतात प्रचलित असलेल्या प्रमाण पर्जन्यमापकांच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर असते. १ मिलिमीटर पावसाने पहिल्यात १० घन सेंटिमीटर पाणी जमते, दुसऱ्यात २०. यामुळे प्रत्येक प्रकाराचे मोजपात्र वेगळे असते, आणि येथेच सर्वांत घातक चूक दडलेली आहे.

समजा, १०० चौरस सेंटिमीटरच्या पर्जन्यमापकात ९२.४ मिलिमीटर पाऊस जमला. म्हणजे बाटलीत ९२४ घन सेंटिमीटर पाणी आहे. जुने मोजपात्र फुटले म्हणून दुसऱ्या प्रकाराचे, २०० चौरस सेंटिमीटरसाठी केलेले पात्र वापरात आले. ते ४६.२ मिलिमीटर दाखवील. नोंदक प्रामाणिक आहे. तो तेच पाणी तीन वेळा मोजतो आणि त्याला ४६.२, ४६.४ व ४६.० अशी मापे मिळतात. तिन्ही एकमेकांशी सुरेख जुळतात. सरासरीही ४६.२ येते. तरीही नोंद निम्मी आहे.

मापनशास्त्रात या दोन गोष्टींना वेगळी नावे आहेत. मापे एकमेकांशी जुळणे ही परिशुद्धता. माप खऱ्या मूल्याजवळ असणे ही अचूकता. वर परिशुद्धता आहे, अचूकता नाही. ४६.० आणि ४६.४ यांमधला किंचित फरक डोळ्याच्या, हाताच्या, पाण्याच्या थरथरीचा. ही यादृच्छिक त्रुटी होय. ती कधी अधिक, कधी उणी असते, म्हणून अनेक मापांच्या सरासरीने ती कमी होते. चुकीच्या पात्राची त्रुटी मात्र नेहमी एकाच बाजूला ओढते. तिला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. शंभर वेळा मोजले तरी ती तिळभर हलत नाही. पूर्वानुमानाच्या गणितात या एका पर्जन्यमापकाच्या वाट्याला २०० चौरस किलोमीटर क्षेत्र आले असेल, तर त्या दिवशी सुमारे ९२ लाख घनमीटर पाऊस हिशेबातूनच नाहीसा होईल.

अशी त्रुटी पकडण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नरसाळ्याचा आतला व्यास साध्या पट्टीने मोजावा. तो ११.३ सेंटिमीटरच्या जवळ असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. १६ सेंटिमीटरच्या जवळ असेल तर २००. पात्र त्याच क्षेत्रफळाचे आहे की नाही हे पाहावे. शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना हा पाठ पाच मिनिटांत घेता येईल. वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवावयाचे असेल तेव्हा तर तो आवर्जून घ्यावा, कारण व्यासात एक टक्का चूक झाली की क्षेत्रफळात दोन टक्के होते हे त्यातून आपोआप दिसते.

पद्धतशीर त्रुटीची आणखी कारणे जागेत असतात. झाड, भिंत किंवा घर यांच्या आडोशाला ठेवलेल्या पर्जन्यमापकात पाऊस कमी पडतो, तर पागोळ्यांखाली तो भलताच वाढतो. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे, असा साधा नियम आहे. बसवताना मोकळी असलेली जागा दहा वर्षांनी मोकळी राहत नाही, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही. शेजारचे आंब्याचे रोप वाढत असते.

तिसरा प्रकार ढोबळ चुकीचा. मोजपात्र लहान असते; मोठा पाऊस ते अनेक वेळा भरून मोजावा लागतो आणि किती वेळा भरले याचा हिशेब चुकतो. बाटली भरून वाहते, हे दुसरे. १०० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्याखालील २ लिटरची बाटली २०० मिलिमीटरला भरते. अतिवृष्टीच्या दिवशी दर काही तासांनी मोजून शेवटी बेरीज करावी आणि बाहेरच्या भांड्यात सांडलेले पाणीही मोजावे. ज्या दिवशी नोंदीची गरज सर्वाधिक, त्याच दिवशी ती चुकण्याचा संभव सर्वाधिक असतो.

यंत्र निर्दोष आणि नोंदक दक्ष असला तरी एक मर्यादा उरतेच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच मुंबईतील कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही मापे खरी होती. एकाच ठिकाणचे माप साऱ्या प्रदेशाचे समजणे ही चूक मापनाची नसून अर्थ लावण्याची आहे. सिल्वासाच्या एका नोंदीवरून खानवेल किंवा दुधनीच्या डोंगरातील पाऊस सांगता येणार नाही.

नदीचा प्रवाह काढताना त्रुटींची बेरीज कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. रुंदीत १, खोलीत २ आणि वेगात ५ टक्के त्रुटी असेल, तर अत्यंत प्रतिकूल स्थितीत प्रवाहात सुमारे ८ टक्के त्रुटी येईल. त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र असतील तर संभाव्य त्रुटी साडेपाच टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे रुंदी कितीही बारकाईने मोजली तरी फारसे साधत नाही. लक्ष वेगाकडे द्यावयास हवे. प्रवाहवेगमापकाच्या फिरत्या वाट्या गाळाने जड होतात, म्हणून त्याचे अंशशोधन, म्हणजे ज्ञात वेगाशी ताडून पाहणे, वेळोवेळी करावे लागते. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात त्यासाठी सोय आहे.

पुलाच्या खांबावरील पातळीची पट्टी पुरात ओंडक्याच्या धक्क्याने सरकू शकते. पूर ओसरताच तिचे शून्य जवळच्या पक्क्या तलचिन्हाशी पुन्हा ताडून पाहावे. फरक आढळल्यास जुने आकडे खोडू नयेत. कोणत्या दिनांकापासून किती सेंटिमीटरची दुरुस्ती लागू आहे, ते नोंदवहीच्या त्याच पानावर लिहून खाली सही करावी.