मांजरांतील अन्ननलिकेचे विकार : निदान व उपचार

दवाखान्यात आणलेल्या मांजराविषयी "ते सारखे ओकते" एवढेच बहुधा सांगितले जाते. निदानास तेवढे पुरत नाही. ओकारी पोटातून येते. तीपूर्वी मळमळ होते, पोटाचे स्नायू जोराने आकसतात. अन्ननलिकेत थांबलेले अन्न मात्र विनासायास, मान खाली करताच बाहेर पडते. ते न पचलेले, लाळेने माखलेले व कित्येकदा लांबट असते. हा फरक मालकाने घरीच पाहून ठेवल्यास पशुवैद्याचे अर्धे काम होते.

लाळ गळणे व गिळता न येणे ही रेबीजचीही लक्षणे आहेत. म्हणून अशा मांजराच्या तोंडात बोटे घालू नयेत. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी.

माशाचा काटा, गळ, हाडाचा तुकडा, दोरा ओवलेली सुई या वस्तू अन्ननलिकेत अडकतात. विशेषतः छातीच्या तोंडाशी, हृदयाजवळ व उदरपटलाच्या अलीकडे. दोरा बाहेर लोंबत असला तरी तो ओढू नये. सुई अधिक रुतते. क्ष-किरण चित्रात धातू व हाड दिसते, माशाचा बारीक काटा पुष्कळदा दिसत नाही. एन्डोस्कोपने पाहून त्यातूनच वस्तू काढणे उत्तम. नलिकेला छिद्र पडल्याची शंका असल्यास बेरियम पाजू नये.

दुसरे कारण आपल्याच हातून घडते. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी दिल्यास ती अन्ननलिकेत रेंगाळते व अस्तर भाजून काढते. व्रण भरताना नलिका आकसते. मग पातळ पदार्थ जातात, घन अन्न परत येते. गोळीमागून सुमारे 6 मिलिलिटर पाणी पिचकारीने हळूहळू पाजले की हा प्रकार टळतो. ही सूचना खरे तर औषधाच्या पुडीवरच लिहून द्यावयास हवी. आकसलेला भाग फुग्याच्या साहाय्याने रुंद करतात. एका खेपेत सहसा भागत नाही. केवळ दाह असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने सुक्राल्फेटचे द्रावण, आम्ल कमी करणारे औषध व मऊ अन्न द्यावे.

खोकला, ताप किंवा धाप दिसल्यास अन्न फुप्फुसात गेले असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिल्यास यकृतात चरबी साठून दगावू शकते, म्हणून गिळता येत नसेल तर जठरात नळी बसवून अन्न द्यावे लागते.