बॉस लिनक्स : घ्यावे की न घ्यावे?

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेतील संगणकांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. तिला कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ आपल्या जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाही. यंत्रे मोडीत काढावीत की त्यांवर दुसरे काही बसवावे, असा प्रश्न उभा राहिला. ‘सरकारी बॉस बसवा’, अशी एक सूचना आली. नाव ऐकताच वर्गात हशा पिकला. परंतु विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधील कारभारी. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापला संसार मांडला. अशा प्रत्येक संसारास ‘वितरण’ म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन हे त्यांतील एक जुने व भारदस्त घराणे. ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, म्हणजेच बॉस, हे त्याच्याच पायावर उभे आहे. परम महासंगणक घडविणाऱ्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने ते तयार केले.

त्याचा मोठा गुण भाषेचा. यादी, सूचना, कळफलक ही सारी मराठीत मिळू शकतात. आमची मातृभाषा कोकणी, तिलाही त्यात स्थान आहे, हे पाहून आम्हांस थोडा आनंद झाला, तो लपवीत नाही! येथे इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असतात. हिंदी व मराठी दोन्ही एकाच सवयीने लिहिता येतात. सौंसरच्या मुलांना दोन्ही लागतात, म्हणून ही सोय लहान नव्हे. शिवाय परवान्याचे मूल्य नाही. एक प्रत घरी नेऊन बसविली तरी तो अपराध होत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या वार्षिकांकाचे मागील लेख जुन्या पद्धतीच्या टंकांत आहेत. त्या टंकांत यंत्राच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात. त्यांवर केवळ मराठी आकार चढविलेले. टंक नसला की ‘माझी आई’ हा निबंध चिन्हांचा कचरा होतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तेथे ‘क’ला २३२५ हा स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो कोठेही ‘क’च राहतो. विंडोजवरील ते जुने कार्यक्रम बॉसवर सरळ चालत नाहीत. म्हणून विंडोज पुसण्यापूर्वी प्रत्येक लेख युनिकोडमध्ये उतरवून, वाचून, तपासून घ्यावा लागेल. हे न केल्यास तुमच्या ताई-दादांचे लिखाण आपल्याच हातून नाहीसे होईल.

दुसरा दोष माणसांचा. बॉस वापरणारे थोडे, म्हणून अडल्यास विचारावे कोणास? गावातील दुरुस्ती करणाऱ्यास विंडोज तोंडपाठ आहे. लिनक्स म्हणताच तो खांदे उडवितो. कार्यालयातील तक्तेही लिब्रेऑफिसमध्ये उघडता कधी कधी विस्कटतात. तेव्हा कार्यालयाचे यंत्र या प्रयोगातून वगळलेले बरे.

आणि एक शंका आम्हांस विशेष वाटते. मराठी यादी व इन्स्क्रिप्ट ही आज खुद्द डेबियनमध्येही आहेत. मग मूळ घराणे सोडून शाखेकडे का जावे? तिचे उत्तर एवढेच की, बॉसमध्ये भारतीय भाषांची मांडणी आधीच लावून ठेवलेली असते. नवशिक्याचे श्रम वाचतात. डेबियनचे जगभर असंख्य जाणकार आहेत. अडचणीत तेच कामी येतात. आमचे मत डेबियनकडे झुकते. गणिताच्या गुरुजींचे बॉसकडे.

तूर्त ठरले ते असे : दोन यंत्रांवर ही दोन वितरणे शेजारी शेजारी बसवावयाची, उरलेल्या यंत्रांना जुन्या लेखांचे काम संपेपर्यंत हात लावावयाचा नाही. दहावीच्या चार मुलांनी लेख उतरविण्याचे काम अंगावर घेतले आहे. त्यांनी प्रथम विचारले, ‘इन्स्क्रिप्टमध्ये ळ कोठे?’ शिफ्टसह एन्‌ची कळ दाबा, तेथेच आहे.