किरकोळ म्हणून सोडलेल्या जखमा : घरच्या हत्यारांविषयी थोडेसे

मधुमेह, हृदयविकार वा सर्पदंश यांच्या तुलनेत यंदाच्या आरोग्यलेखाचा विषय वाचकांना साधा वाटेल. घरी हौसेने अथवा गरजेने वापरल्या जाणाऱ्या ग्रायंडर, ड्रिल, करवत, कडबा कुट्टी अशा साधनांनी होणाऱ्या जखमांविषयी आम्ही लिहीत आहोत. या जखमा बहुधा लहान असतात. त्या मोठ्या होतात त्या दुर्लक्षामुळे आणि घरगुती उपायांमुळे.

बारामतीची औद्योगिक वसाहत, वालचंदनगरचा यंत्रनिर्मितीचा कारखाना आणि परिसरातील साखर कारखाने यांमुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत हत्यार चालवू जाणणारी माणसे गावोगाव आहेत. फिटर वा वेल्डर म्हणून पाळी करणारा मनुष्य सुटीच्या दिवशी गोठ्याचे फाटक स्वतः बनवतो, ट्रॉलीची फळी बदलतो, गणपतीच्या आराशीसाठी प्लायवूड कापतो. हे कौतुकास्पदच आहे. परंतु कारखान्यात संरक्षक चष्म्यावाचून यंत्राजवळ न जाणारा हाच मनुष्य घरी लुंगी नेसून, पायात स्लीपर घालून लोखंडी अँगल कापावयास बसतो. कारखान्यातील यंत्रांच्या फिरत्या भागांना आवरण घालणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले. मळणी यंत्रांसारख्या साधनांसाठी १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा झाला. अंगणातील ग्रायंडरवर देखरेख करणारा मुकादम मात्र कोणी नसतो. ते काम घरच्या मंडळींनाच करावे लागते.

चार इंची ग्रायंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. त्या वेळी चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने धावत असते आणि चकती फुटल्यास तुकडा त्याच वेगाने सुटतो. काम लवकर उरकावे म्हणून गार्ड काढून त्यावर सात इंची चकती चढवण्याची खोड काहींना असते. सात इंची चकतीवर साधारणपणे ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. लहान ग्रायंडरवर ती मर्यादा कितीतरी ओलांडली जाते आणि कडेचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या घरात जातो. चकतीवरील आकडा वाचण्यास क्षणभरही लागत नाही.

हातमोज्यांविषयीही एक गैरसमज आहे. ड्रिलसारख्या फिरत्या साधनाजवळ मोजा रक्षण करीत नाही. तो गुंडाळला जातो आणि बोटही ओढले जाते. पदर, उपरणे, मनगटातील दोरा यांचेही तेच. कडबा कुट्टीबाबत आणखी एक गोष्ट आहे. शेतीची वीज गेली की साधा खटका चालूच राहतो. अडकलेला चारा काढण्यासाठी हात आत जातो आणि नेमकी वीज परत येते. हात घालण्यापूर्वी प्लग वा फ्यूज काढून जवळ ठेवावा.

डोळ्याविषयी मात्र आम्हांस अधिक सांगावयाचे आहे. ग्रायंडरचा कण तापलेला असतो व तो बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रुतून बसतो. काडीने अथवा पदराच्या टोकाने तो काढण्याचा प्रयत्न होतो, डोळ्यात मध किंवा दूध घातले जाते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कणाभोवती गंजाचे कडे तयार होते. बधिरतेचे थेंब घालून, स्लिट लँपखाली असा कण काढणे हे सामान्यतः काही मिनिटांचे काम आहे. उसाचे पाते डोळ्यास लागल्यावर दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब याहून घातक ठरतात. लाली कमी होते, डोळा सुधारल्यासारखा वाटतो आणि आत बुरशीचा संसर्ग वाढत राहतो.

छिन्नीवर हातोडा मारताना उडालेली कपची सर्वांत फसवी. ती बुबुळ भेदून आत गेली तरी वेदना थोडीच होते, कधी दृष्टीही स्वच्छ असते. आत राहिलेले लोखंड पुढे काही महिन्यांत दृष्टिपटल निकामी करू शकते. म्हणून अशा रुग्णाने ‘लोखंडावर लोखंड मारत होतो’ एवढे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यावरून तपासणीची दिशा ठरते आणि एमआरआय टाळला जातो. डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये; वर कागदी पेला उपडा धरून यावे. वेल्डिंगचा प्रकाश पाहिल्याचा त्रास सहसा काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते. एक-दोन दिवसांत ते बरे होते. बधिरतेचे थेंब मात्र घरी नेण्यासाठी मागू नयेत, त्यांच्या वारंवार वापराने जखम भरत नाही.

बोट कापल्यास वाहत्या पाण्याखाली धुऊन, स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. हळद, चहापूड, राख, ग्रीस यांनी जखम झाकली जाते आणि ती साफ करताना रुग्णाला दुप्पट यातना होतात. सूज येण्यापूर्वी अंगठी काढावी. बोट तुटलेच तर तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात वा पाण्यात घालू नये. इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर आहे. तेथील शस्त्रवैद्याच्या हाती काय पोहोचते, हे घरी पहिल्या अर्ध्या तासात ठरलेले असते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावा.

राहिला धनुर्वाताचा प्रश्न. मुलांना १० व्या व १६ व्या वर्षी टीडीची लस दिली जाते. त्यानंतर बहुतेकांना तिचे विस्मरण होते. माती वा शेण लागलेली जखम असेल आणि शेवटच्या मात्रेस पाच वर्षे उलटली असतील, तर ती पुन्हा घ्यावी लागते. घरातील कर्त्या माणसाने ही लस शेवटची कधी घेतली, असे विचारले असता नातेवाईक एकमेकांकडे पाहतात. ती तारीख घराच्या दिनदर्शिकेवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवता येईल.