शंका-समाधान : छिद्रात अडकलेला बर्फ

प्रश्न : मिथेन हायड्रेटला थंडी आणि दाब मानवतो, असे आम्ही मुलांना सांगतो. मग मातीच्या अतिसूक्ष्म छिद्रांत ते टिकवायला दाब जास्त का लागतो? आणि शून्याखाली नेमके काय होते? (विज्ञान शिक्षक, संगमनेर)

उत्तर : सर, तुम्ही सांगता ते बरोबरच आहे; मात्र ते मोकळ्या जागेतल्या हायड्रेटला लागू पडते. पाण्याच्या रेणूंनी पिंजरे बांधायचे आणि प्रत्येक पिंजऱ्यात मिथेनचा एकेक रेणू कोंडायचा, अशी याची घडण. ४६ रेणू पाण्याचे, त्यांचे ८ पिंजरे, की एक घटक पुरा. त्याची बाजू सुमारे १.२ नॅनोमीटर. शून्य अंशाला हे बांधकाम उभे राहायला हवेच्या दाबाच्या साधारण २६ पट दाब पुरतो.

आता १४ नॅनोमीटर रुंदीचे छिद्र घ्या. त्यात आडवे जेमतेम अकरा-बारा घटक मावतात. त्यातही भिंतीला चिकटलेला पाण्याचा पातळ थर गोठायला तयार नसतो, पिंजरे बांधायलाही नाही. चाळीतल्या खोलीत भिंतींनीच जागा खावी, तशी गत. स्फटिक जितका लहान, तितके त्याच्या कडेवरचे रेणू प्रमाणाने जास्त. आणि कडेवरच्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी नसल्यामुळे तो आतल्यापेक्षा सैल. ही तूट दाब वाढवून किंवा तापमान उतरवून भरावी लागते. हांडा आणि स्टुपिन या संशोधकांनी १९९२ मध्ये सिलिका जेलच्या सुमारे एवढ्याच छिद्रांत हे मोजून दाखवले : एरवीपेक्षा २० ते १०० टक्के जास्त दाब लागला. (सिलिका जेल म्हणजे नव्या बुटांच्या खोक्यात जी पुडी निघते, तिच्यातले मणी.)

शून्याखालची गोष्ट मला याहून गमतीची वाटते. दाब काढून घेतला की छिद्राच्या तोंडाशी असलेले हायड्रेट आधी मोडते. वायू निघून जातो, पाणी तिथेच गोठते आणि तोंडाला बर्फाचे बूच बसते. आतले हायड्रेट मागे छिद्राची भिंत आणि पुढे बर्फ, असे कोंडले जाते. मोडायची वेळ होऊन गेली तरी ते मोडत नाही, कारण वायूला वाटच नाही. फक्त हे बूच शून्यापर्यंत टिकत नाही. छिद्रातला बर्फही त्याच कडेच्या तुटीमुळे शून्याच्या अलीकडेच वितळतो. बूच गेले, की वायू सुटला.

मोकळ्या तुकड्यांतही असेच काहीसे घडते. त्याला स्व-रक्षण म्हणतात. साध्या हवेच्या दाबाला हायड्रेट खरे तर उणे ८० अंशांच्या वर टिकू नये. पण उणे ३० ते उणे २ या पट्ट्यात ते अतिशय सावकाश मोडते, आणि त्याहून जास्त थंडीत मात्र भराभर! तिथे तयार होणारा बर्फ सच्छिद्र राहतो, वायू त्यातून वाट काढतो. उबेकडच्या बाजूला बर्फाचे कण सांधले जातात, असा याचा प्रचलित अर्थ लावतात. मुलांना हा उलटा आलेख फळ्यावर काढून दाखवा, त्यांना आवडेल.

प्रश्न : आमच्या कोकणच्या समुद्रात याचे साठे आहेत का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत केरळ-कोकण खोऱ्यात एका ठिकाणी खोदून पाहिले. हायड्रेट मिळाले नाही. एका ठिकाणावरून सारा किनारा बाद करता येत नाही, पण आशा धरावी असेही काही हाती आलेले नाही.

त्याच मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र सव्वाशे मीटरहून जाड थर सापडला. आपला संबंध तिथे आहे. त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या या नद्या दख्खनची काळी माती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकतात. चिकणमातीची छिद्रे इतकी बारीक, की स्फटिकाला त्यांत शिरण्यापेक्षा माती बाजूला सारणे सोपे. म्हणून हायड्रेट तिथे भेगांत, शिरांसारखे वाढलेले दिसते. २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत वाळूच्या थरांतही ते मिळाले. वाळूची छिद्रे काही हजार पटींनी मोठी, तिथे भिंतींची अडचण नगण्य. शिवाय वायू वाहायलाही वाट. उपसायचे झाले तर माझे मत वाळूच्याच बाजूने पडेल.

प्रश्न : घरच्या फ्रीजरमध्ये हे बनवता येईल का? (अकरावीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. फ्रीजरच्या उणे १८ अंशांलाही हवेच्या दहापटीहून जास्त दाब लागतो, आणि तो पेलणारे भांडे घरात नसते. नळाने येणारा गॅस मिथेनच असतो, हे तुला ठाऊक आहे असे पत्रावरून दिसते. त्याला हात लावू नकोस.